ओढणाऱ्या वाहनाचे चाक

इ.स. १८७१ साली इंग्लंडातील इप्स्विच येथल्या रॅन्सम्स, सिम्स अँड हेड यांच्या कारखान्यातून निघून एक तीनचाकी वाफेचे यंत्र, मागे माणसांची गाडी जोडून, सडकेच्या वाटेने स्कॉटलंडातील एडिंबरोपर्यंत गेले आणि सडकेनेच परत आले. त्या यंत्राचे नाव ‘रावी’ असे होते आणि त्याच्याच जातीच्या दुसऱ्या एका यंत्रास ‘चिनाब’ म्हणत. पंजाबातील नद्यांची नावे इंग्लंडातील यंत्रांस पडण्याचे कारण असे की, ती हिंदुस्थान सरकारच्या हुकमाने तयार झाली होती, आणि रावळपिंडी व झेलम यांच्या दरम्यानच्या सुमारे ७० मैलांच्या सडकेवर बैलांच्या तांड्यांऐवजी त्यांच्याकडून सरकारी माल ओढून घ्यावा, अशी तजवीज व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या पाठिंब्याने चालली होती. ‘रावी’ हाकीत नेणारा अधिकारी रायफल ब्रिगेडमधील रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन हा पंचविशी नुकतीच ओलांडलेला लेफ्टनंट होता. पुढे पलटणीची नोकरी सोडून त्याने विद्युद्यंत्रांचा धंदा आरंभिला, त्याच्या नावाच्या पेढीचे एका इंग्रजी-हिंदी घराण्याशी संधान जुळून मुंबईत क्रॉम्प्टन ग्रीव्हज ही कंपनी उदयास आली, आणि अशा रीतीने ज्याचे नाव आज महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या छताखाली पंख्यावर फिरत असते, तो गृहस्थ तारुण्यात सडकेवरून ओझी ओढण्याच्या विद्येमागे वेडा झालेला होता, ही गोष्ट पंखा वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल.

‘रावी’चे वैशिष्ट्य तिच्या बाष्पकात नव्हते, बाष्पकाने तर क्रॉम्प्टनला बराच त्रास दिला व त्याची रचना बदलून घ्यावी लागली. वैशिष्ट्य होते ते चाकांत. त्या चाकांवर लोखंडी धावेच्या जागी जाड रबराचे कडे चढविलेले होते. ओझे ओढणाऱ्या वाहनास चाक केवढे असावे, आणि त्याचा काठ कसला असावा, हा प्रश्न गाडीइतकाच जुना आहे; परंतु त्या प्रश्नाच्या दोन अंगांचा, म्हणजे चाकाच्या उंचीचा आणि काठाच्या मार्दवाचा, परस्परांशी काय संबंध आहे याचा उलगडा होण्यास ज्या प्रयोगापासून आरंभ झाला, तो अशाच रबरी चाकांचा होय. अलीकडे मागे ट्रेलर जोडून ओझी ओढणाऱ्या मोटारींना अधिक मोठी रिंग व अधिक उंच टायर बसविण्याची जी हौस अमेरिकेत पसरली आहे आणि आपल्याकडेही दिसू लागली आहे, ती पाहता हा जुना इतिहास एकदा उकलून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

जोवर काठ कठीण होता, तोवर मोठ्या चाकास पर्याय नव्हता. खड्डा लहान असो वा मोठा, त्यात लहान चाक अधिक उतरते व वर चढताना अधिक अडते. मोठ्या चाकाचा परीघ त्याच खड्ड्यावरून पुष्कळसा पसरून जातो. शिवाय तेवढीच वाट चालण्यास मोठ्या चाकाचे फेरे कमी होतात, त्यामुळे कण्यावरील घर्षणही त्या मानाने घटते. हे शास्त्र पुस्तकात लिहिण्यापूर्वीच गावोगावच्या सुतार-लोहारांस हाताने कळलेले होते. तथापि ते सर्वत्र अमलात होते असे मात्र नाही. आपल्या दख्खनच्या मुलखात इंग्रजी अंमल बसला त्या काळी मालाची मुख्य वाहतूक वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरूनच होत असे. गाड्या थोड्या, आणि ज्या होत्या त्यांची चाके सबंध लाकडाची, काही ठिकाणी तर दगडाची असून त्या हलविण्यास पुष्कळ बैल जुंपावे लागत, असे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात नमूद आहे. १८३० साली सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाची सडक गाड्यांसाठी खुली झाली. परंतु सडक झाली म्हणून तिच्यावर दगडी चाक धावू लागते असे थोडेच आहे! १८३६ च्या सुमारास महसुली मोजणीच्या खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड याने सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे गाड्यांचा कारखाना घालून तुंब्याची, आऱ्यांची व लोखंडी धावेची हलकी आणि उंच चाके असलेल्या गाड्या बांधविल्या, आणि त्यानंतर त्या भागात दोन बैलांची गाडी हा शेतकऱ्याच्या सरंजामाचा नित्याचा भाग होऊन बसला. जमाबंदीच्या नव्या दरांविषयी आपल्या इतिहासकारांनी रास्तच पुष्कळ लिहिले आहे, पण त्याच मोजणीच्या दप्तराशेजारी चाललेल्या या सुतारकामाकडे त्यांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही.

बैलगाडीचे चाक मात्र केवळ वाहणारे असते. ओढणारे बैल पुढे वेगळे असतात व त्यांचे खूर जमिनीत रुततात; चाकाने निमूटपणे मागे यावे एवढेच त्याचे काम. वाफेचे यंत्र सडकेवर आले तेव्हा हा श्रमविभाग मोडला, कारण आता चाकानेच वाहावयाचे, चाकानेच जमिनीस पकडावयाचे, आणि तिला मागे रेटून आपल्यासह मागच्या गाड्याही पुढे न्यावयाच्या. लोखंडी काठाचे अवजड चाक खडीच्या सडकेवर घसरे. घसरू नये म्हणून त्यास दाते लावावे तर सडक उखडे. रुंदी वाढवावी तर वजन वाढे. आणि वजन वाढले की मऊ जमिनीत ते यंत्र स्वतःच रुतून बसे. जेम्स बॉइडेल नावाच्या एका इंग्रज संशोधकाने तर चाकाभोवती फळ्यांची माळ गुंफून यंत्राने आपला रूळ आपणच पुढे टाकीत चालावे अशी युक्ती काढली आणि ती यंत्रे क्रिमियाच्या युद्धात वापरलीही गेली. इकडे इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने अशा यंत्रांस गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात २ मैल एवढीच गती मोकळी ठेवली, आणि पुढे लाल निशाण घेऊन एक मनुष्य चालविण्याची सक्ती केली. या कायद्याची पुढे पुष्कळ थट्टा झाली. परंतु सडकेची धूळधाण करणारी लोखंडी चाके डोळ्यांसमोर असलेल्या लोकांनी तो केला होता, हे थट्टा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवे होते.

या कोंडीतून वाट काढली ती स्टोनहेव्हन येथे १८२२ साली जन्मलेल्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने. हवेने फुगविलेल्या चाकाचा पहिला परवाना त्यानेच १८४५ साली, म्हणजे डनलॉपच्या ४३ वर्षे अगोदर, मिळविला होता. परंतु त्या काळी रबराचा पातळ पत्रा चांगला होत नव्हता, आणि घोडागाडीवाल्यांना एवढ्या सुखाची गरजही भासत नव्हती, त्यामुळे ती कल्पना तशीच पडून राहिली. नंतर तो जावा बेटात गेला व तेथे दहा वर्षे साखरेच्या कारखान्यांच्या यंत्रांचे काम पाहिले. उसाची वाहतूक ही किती जिकिरीची बाब आहे हे महाराष्ट्रातील वाचकास सांगावयास नकोच: ऊस शेतातून निघतो, शेतात सडक नसते, जमीन मऊ असते, आणि माल जड असून त्यास थांबण्याची सवड नसते. जावाच्या मळ्यांसाठी ओढयंत्र पाहिजे या मागणीवरूनच थॉमसनने १८६७ साली आपले सडकेवरील वाफेचे यंत्र तयार केले आणि त्याच्या चाकांवर सुमारे १२ इंच रुंद व ५ इंच जाड अशी भरीव रबराची कडी चढविली. भार पडताच रबर जमिनीपाशी चपटे होई, त्यामुळे चाकाचा स्पर्श एका रेषेपुरता न राहता हातभर पसरे. दाते न लावताही पकड मिळे, सडक मोडत नसे, आणि शेतातल्या मऊ मातीतही यंत्र वरच्यावर चालत असे. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, जे काम करून घेण्यासाठी लोखंडी चाकाची उंची आणखी कित्येक हात वाढवावी लागली असती, ते काम पाच इंच रबराने केले. हवेचा टायर याच तत्त्वाची पुढली पायरी होय, आणि दोन्ही पायऱ्या एकाच मनुष्याने, त्यातली वरची आधी व खालची मागाहून, चढाव्या हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

अशाच रबरी चाकांवर चालणाऱ्या ‘रावी’सारख्या यंत्रांच्या, म्हणजे क्रॉम्प्टनच्या सरकारी स्टीम ट्रेनच्या, योजनेचे आयुष्य फार लांबले नाही. १८७२ च्या फेब्रुवारीत पोर्ट ब्लेअर येथे लॉर्ड मेयोचा खून झाला आणि योजनेचा मुख्य आश्रयदाता गेला. रबराची किंमत भारी पडे. आणि उत्तर हिंदुस्थानात लोहमार्ग झपाट्याने वायव्येकडे सरकत होता. १८७५ मध्ये क्रॉम्प्टन विलायतेस परतला. ओझी ओढण्याचा त्याचा नाद मात्र सुटला नाही. पहिल्या महायुद्धात रणगाड्याची कल्पना आकारास येत असता त्या विचारविनिमयात सत्तरीचा हा म्हातारा हजर होता.

नंतरची कथा सर्वपरिचित असल्याने तिच्यावरून लवकर पुढे जाऊ. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर बनविला. १८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत तो मोटारीवर चढवून वारंवार पंक्चर काढीत का होईना पण शेवटास नेला. आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत माणसे नेणाऱ्या साऱ्या मोटारी हवेवर चालू लागल्या. माल नेणारा ट्रक मात्र भरीव रबरावरच राहिला. दोनतीन टनांचे ओझे हवेच्या पिशवीवर ठेवणे हा अविचार होय, असे टायर बनविणाऱ्यांपैकी बहुतेकांचेच मत होते. त्या काळच्या अमेरिकन ट्रकचे चित्र पाहिल्यास लाकडी वा ओतीव आऱ्यांची उंच चाके, त्यांवर बोटभर जाडीचे काळे कडे, आणि आत कमानींवर गदगदणारा चालक, असे दृश्य दिसते. गती ताशी पंधरा मैलांच्या वर नेली की यंत्राचे सांधे खिळखिळे होत, आणि सडकेचेही तेच होई. म्हणूनच निरनिराळ्या संस्थानांनी टायरच्या रुंदीच्या प्रत्येक इंचावर किती भार चालेल याचे नियम बसविले होते.

याच सुमारास ट्रक ओढू लागला. १९१४ साली डेट्रॉइटमधील फ्रेडरिक सिब्ली नावाच्या इमारती लाकडाच्या व्यापाऱ्यास आपली होडी मिशिगनच्या उत्तर भागात न्यावयाची होती; त्याने ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराकडे जाऊन फोर्डच्या मॉडेल-टी गाडीमागे जोडता येईल असे काही करून मागितले. फ्रुहॉफने दोन चाकांची गाडी बांधून तिचे पुढले टोक मोटारीच्या पाठीवर टेकविले आणि त्या रचनेस सेमी-ट्रेलर हे नाव दिले. होडी नेऊन झाल्यावर सिब्लीने लाकडे वाहण्यासाठी आणखी तसल्याच गाड्या मागितल्या, आणि १९१८ मध्ये फ्रुहॉफ ट्रेलर कंपनी उभी राहिली. घोडा वाहतो त्यापेक्षा ओढतो अधिक, हे कोणीही टांगेवाला सांगेल. यंत्राविषयीचा तोच सिद्धांत लोहाराच्या भात्यापाशी निष्पन्न झाला. ओढण्याच्या या नव्या कामामुळे पुढल्या यंत्राच्या मागल्या चाकांवर दुहेरी जबाबदारी पडली: ट्रेलरच्या पुढल्या टोकाचा भार सोसावयाचा आणि सबंध गाड्याला ओढ द्यावयाची.

ओहायो संस्थानातील अॅक्रन हे नगर त्या काळी रबराची राजधानी होते. गुडरिच १८७०, गुडइयर १८९८ आणि फायरस्टोन १९००, असे तिन्ही मोठे कारखाने तेथेच स्थापन झालेले. गुडइयरमधील पॉल लिचफील्ड याचा असा आग्रह होता की ट्रकसही हवेचाच टायर हवा, आणि तो तसा चालतो हे जाहिरातीने न सांगता वाटेवर सिद्ध करून दाखवावे. म्हणून एप्रिल १९१७ मध्ये, म्हणजे अमेरिका महायुद्धात उतरली त्याच महिन्यात, कंपनीने एक पॅकार्ड ट्रक प्रचंड हवेच्या टायरांवर चढवून अॅक्रनहून बोस्टनला, सुमारे साडेसातशे मैलांवर, रवाना केला आणि त्या फेरीस ‘विंगफूट एक्स्प्रेस’ हे ऐटबाज नाव दिले. ऐट पहिल्या दौडीतच चिखलात गेली. अॅलिगेनी पर्वताच्या कच्च्या वाटा, पुलांच्या कुजक्या फळ्या, फुटणारे टायर यांच्याशी झुंजत पहिल्या फेरीस कित्येक आठवडे लागले, आणि ज्यांनी हा अविचार म्हटले होते त्यांना काही दिवस तरी बोलावयास जागा मिळाली. परंतु कंपनीने माघार घेतली नाही. प्रत्येक फेरीत कोठला पदर फाटला, कोठली शिवण सुटली हे पाहून अॅक्रनमध्ये टायर सुधारला जाई. चालकाच्या बैठकीमागे निजण्याची जागा करून दोन गडी आळीपाळीने रात्रंदिवस गाडी चालवू लागले. जाताना टायर न्यावे व येताना कनेक्टिकटमधल्या आपल्याच गिरणीचे टायरसाठी लागणारे कापड आणावे, असा दुहेरी धंदा बसला. आणि अखेरीस जाऊन-येऊन पाच दिवसांत फेरी पुरी होऊ लागली. त्याच दिवसांत युद्धाच्या मालाने अमेरिकेचे लोहमार्ग तुंबले होते, त्यामुळे लांब पल्ल्याच्या ट्रकची उपयुक्तता व्यापाऱ्यांस पटवून देण्यासाठी फार वक्तृत्व खर्चावे लागले नाही.

युद्ध संपताच १९१९ च्या ७ जुलैस वॉशिंग्टनहून निघालेला लष्करी मोटारींचा काफिला ३,२५१ मैल तोडून ६ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोस पोचला. ६२ दिवस लागले, म्हणजे सरासरी दिवसाकाठी पन्नास-बावन्न मैल; वाटेत ट्रकांच्या भाराने कित्येक पूल मोडले. काफिल्याबरोबर निरीक्षक म्हणून गेलेला ड्वाइट आयझेनहॉवर हा लेफ्टनंट-कर्नल पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, आणि देशव्यापी राजमार्गांच्या त्याच्या १९५६ च्या योजनेमागे त्या प्रवासाची आठवण होती हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. सडक सुधारणे हा चाक सुधारण्याचाच दुसरा मार्ग होय, एवढे येथे म्हटले म्हणजे पुरे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. विंगफूट एक्स्प्रेसच्या पहिल्या टायरांचा आकार प्रचंड होता, आणि तो हौसेने ठरलेला नव्हता. एकाच टायरात टनावारी भार तोलावयाचा तर त्यात हवेचा साठा मोठा पाहिजे, आणि त्या काळच्या कापडास फार दाब सोसत नसल्यामुळे साठा वाढविण्यास आकार वाढविण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण आकार वाढताच अडचणींची रांग लागली. गाडीचा साटा उंच गेला, त्याबरोबर भाराचा मध्य वर जाऊन वळणावर गाडी कलू लागली. माल चढविण्याच्या ओट्यांशी उंची जुळेना. एक टायर फुटला की त्या कोपऱ्यावर दुसरा आधार नाही. आणि असा टायर बदलणे हे एकट्यादुकट्याचे काम उरले नाही. तेव्हा त्याच गुडइयरच्या मंडळींनी उलट दिशा धरली. टायर वाढवावयाचा नाही, चाके वाढवावयाची. मागे एकाऐवजी दोन आस घालून सहा चाकांचा ट्रक त्यांनी स्वतः बांधून दाखविला, आणि थोड्याच वर्षांत मागल्या आसावर दोन-दोन टायर जोडीने बसविण्याची आज सर्वत्र दिसणारी पद्धत रूढ झाली. ज्यांना प्रचंड टायर विकून नफा झाला असता त्यांनीच तो मार्ग सोडावा, यात व्यापारी शहाणपण होतेच. परंतु त्यामागे भाराचे गणितही होते, आणि ते गणित आजतागायत बदललेले नाही.

त्या गणिताचे एक अंग यंत्राच्या पोटात असते. डिफरन्शिअलमधून आसास मिळणारे बळ चाकाच्या केंद्रापासून जमिनीपर्यंतच्या अंतराने भागले जाते. जितके अंतर अधिक, तितकी जमिनीवरची ओढ कमी. विहिरीच्या रहाटाचा कणा जाड केला तर एका फेऱ्यात दोर अधिक गुंडाळतो खरा, पण तीच बादली वर खेचताना हाताला जड जाते, तसाच हा प्रकार. १९१७ च्या ट्रकमध्ये हे गणित चालकाच्या अंगावर येत नसे, कारण त्याच्या दातेरी चक्रांची पटच मुळात मंद गतीसाठी बेतलेली असे. आजच्या गाडीत ते तात्काळ अंगावर येते. ज्या अमेरिकन पिकअपला कारखान्यातून २६५/७०-१७ मापाचा, म्हणजे बाहेरून सुमारे ३१.६ इंच उंचीचा टायर येतो, तिला ३५ इंची टायर चढविला तर उंची सुमारे ११ टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच यंत्रबळातून मिळणारी ओढ जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते; वेगमापकाचा काटा खऱ्या गतीपेक्षा कमी दाखवू लागतो; आणि थांबविताना ब्रेकना त्याच प्रमाणात अधिक जोर करावा लागतो. घटलेली ओढ परत मिळवावयाची तर मागल्या आसातील ३.७३ प्रमाणाचे क्राऊन-पिनियन काढून ४.१० चे घालावे लागते. हा खर्च चाकांच्या खर्चाहून वेगळा असतो, आणि दुकानदार तो आरंभी सांगत नाही.

ट्रॅक्टरची मागली चाके माणसाच्या उंचीची असतात, मग त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की ट्रॅक्टरला नांगरटीच्या मऊ जमिनीत पकड हवी असते, गती त्याला नकोच असते, आणि त्याच्या आसापाशी गती आणखी एकवार उतरविणारी दातेरी चक्रे मुळापासून बसविलेली असतात. शिवाय तेथेही मोठेपणापेक्षा मार्दवच निर्णायक ठरले: १९३२ साली अॅलिस-चामर्स कंपनीने फायरस्टोनचे हवेचे टायर आपल्या ट्रॅक्टरवर चढविले आणि लोखंडी खुंट्यांची चाके थोड्याच वर्षांत मोडीत निघाली, चाकाची उंची त्यासाठी वाढवावी लागली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन मोठे फेरबदल झाले. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल रचनेचा परवाना घेतला, १९४९ मध्ये तो टायर बाजारात आणला आणि १९५२ पर्यंत तो ट्रकपर्यंत पोचविला. या रचनेत कडा लवचीक व माथा ताठ राहत असल्याने टायर कमी तापतो व इंधनही थोडे वाचते. दुसरा फेरबदल ट्यूबलेस टायरचा. आपल्या ट्रकवाल्यांच्या तोंडी ९.००-२० आणि १०.००-२० हे आकडे पाठ असत. ट्यूबलेस आल्यावर २२.५ इंची रिंग आली, आणि पुष्कळांना वाटले की चाक मोठे झाले. वस्तुतः रिंग वाढली तेवढा टायर पातळ झाला आणि बाहेरची उंची जवळजवळ तीच राहिली. आकडा वाढला म्हणजे चाक वाढले असे नव्हे, ही गोष्ट सध्याच्या हौशी खरेदीदारांनीही ध्यानात धरण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात या सर्व इतिहासाचे प्रत्यक्ष प्रमाण मोटारीत न शोधता उसाच्या फडात शोधावे. १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्यामागून पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली, आणि बीडकडून येणाऱ्या तोडणी-मजुरांच्या हाती टायरगाडी आली. टेंभुर्णीच्या परंपरेतील लाकडी चाक छातीएवढे उंच. त्याची लोखंडी धाव दोन-तीन बोटे रुंद. काळ्या रानात ती सुरीसारखी उतरे व सरकारी सडकेवर चाकोऱ्या पाडी. टायरगाडीचे चाक त्या मानाने कितीतरी बुटके, आणि तरीही तीच बैलजोडी तिच्यात लाकडी गाडीपेक्षा बराच अधिक ऊस ओढून कारखान्याच्या काट्यावर आणते. याचे सगळेच श्रेय हवेला देणे न्यायाचे होणार नाही, कारण टायरगाडीच्या आसात बेअरिंग असते आणि जुन्या कण्यास वंगणाच्या चिंधीखेरीज काही मिळत नसे. पण शेतातून वाट काढताना जे घडते ते मात्र मुख्यतः हवेचेच काम, आणि जावाच्या उसासाठी १८६७ साली थॉमसनने जो हिशेब मांडला होता तोच येथे खरा ठरलेला दिसतो. बैलांवर पडणाऱ्या अतिभाराचा प्रश्न वेगळा व गंभीर आहे. गाडी हलकी चालते म्हणून तिच्यात मोळ्यांचा मनोराच रचावयाचा, ही रीत चाकाच्या संशोधकांनी शिकविलेली नाही.

तेव्हा दगडी चाकापासून टायरगाडीपर्यंत आणि विंगफूट एक्स्प्रेसपासून दहा-बारा चाकांच्या ट्रकपर्यंत पाहिले असता असे दिसते की, ओझे ओढणाऱ्यांनी काठ कठीण होता तोवर चाक उंच ठेवले, आणि काठ मऊ होताच उंची सोडून देऊन चाकांची संख्या, रुंदी व हवेचा दाब यांवर भिस्त ठेवली. उंच चाकाकडे आज जे परत वळत आहेत, त्यांपैकी खडकाळ रानातून जाणाऱ्यांचे कारण खरे आहे. खालचा दगड आसास लागू नये म्हणून त्यांस उंची हवीच. मोठ्या रिंगेचेही एक खरे कारण आहे: तिच्या पोटात ब्रेकची मोठी तबकडी मावते. परंतु ज्यास सडकेवरून ट्रेलर ओढावयाचा आहे, त्यास उंचीपासून मिळण्यासारखे फारसे काही नाही. भारक्षमताही उंचीबरोबर आपोआप वाढत नाही. १७ इंची रिंगेवरचा २६५/७० मापाचा ‘ई’ प्रतीचा लाइट-ट्रक टायर ८० पौंड दाबाला ३,१९५ पौंड भार घेतो, आणि ३५ इंची टायरांपैकी कित्येकांवरही नेमका हाच आकडा छापलेला आढळतो. उलट मोटारीच्या प्रतीचा, म्हणजे ‘पी’ अक्षराने सुरू होणारा टायर ट्रकवर घातला तर त्याची छापील भारक्षमता १.१० ने भागून धरावी लागते.

म्हणून ज्यांच्या गाडीमागे खरोखर ओझे असते, त्या वाचकांस एवढेच सांगणे आहे: टायर घेताना प्रथम त्याच्या कडेवरील भारांक वाचावा, तो गाडीच्या मूळ टायरच्या भारांकाहून कमी असेल तर तो टायर कितीही देखणा असला तरी परत करावा, उंची वाढवावयाचीच असेल तर डिफरन्शिअलचे प्रमाण बदलण्याचा व वेगमापक दुरुस्त करून घेण्याचा खर्च त्याच दिवशी हिशेबात धरावा, आणि तो खर्च परवडत नसेल तर कारखान्याने दिलेल्या मापावरच राहावे.